फ्लॉप्यांचा डबा

सांगलीच्या स्टँडवर सातारा गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात मी स्टीलचा डबा द्यायचे, तेव्हा आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, काय बाई नवऱ्याची काळजी! नवरा माझा तिकडे बर्फात. डब्यात अकरा फ्लॉप्या.

फ्लॉपी म्हणजे काय, हे हल्ली माझ्या नातीलाही हाताचा आकार करून सांगावं लागतं. तळहाताएवढी चौकोनी, काळी, हलली की खुळखुळणारी. त्या काळी मशीनचा सगळा जीव तिच्यात मावायचा, पण तुकड्यातुकड्यांनी. म्हणून अकरा. नात पुण्यात बसून फोनवर सांगते, ‘‘आजी, आज सकाळी चाळीस सर्व्हर उभे केले. एका कमांडवर.’’ मी विचारते, ‘‘आणि जेवलीस का?’’ तिकडून आवाज येत नाही. म्हणजे नाही जेवली. हे मला बरोबर कळतं, कारण सर्व्हर उभे करून उपाशी बसायचा मान आमच्या घरात पहिला माझा.

सत्त्याण्णव साल असेल. आमची संस्था दवाखान्यांची. मोठं रुग्णालय सांगलीत, कचेरी विश्रामबागेत, आणि लहान लहान केंद्रं पार साताऱ्याच्या वरपर्यंत गावोगाव, बहुतेक बाळंतपणाची आणि लेकरांच्या लसींची. मी त्या कचेरीत आकडे जुळवणारी बाई. संख्याशास्त्राची जुनी पदवी आणि विशीतल्या पोरांच्या मधे बसून केलेला संगणकाचा कोर्स एवढ्यावर मी स्वतःला फार मोठी समजत होते. गळ्यात चष्म्याची साखळी घालायचे. चष्म्याला नंबर जेमतेम होता, पण साखळी अडकवली की माणूस विचार करतोय असं दिसतं.

घर साताऱ्यात, नोकरी सांगलीत, मुलगा होस्टेलवर आणि नवरा फौजेत. विश्रामबागेत माझी एक खोली होती. तिच्यात एक कॉट, एक स्टो आणि मालकीणबाईंचा रेडिओ भिंतीपलीकडे. शनिवारी संध्याकाळी मी एस.टी.नं साताऱ्याला जायचे, कुलूप काढायचे, कोणीच न मळवलेलं घर झाडायचे, तुळशीला पाणी घालायचे, दोन भांडी उगीच घासायचे आणि रविवारी पुन्हा कुलूप लावायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, ‘‘कोण आलं होतं गं?’’ मी म्हणायचे, ‘‘मीच आले होते.’’

नवऱ्याला वर्षातून एकदा दोन महिन्यांची सुट्टी. त्या वर्षी ती दिवाळीनंतर होती. वर्षभर मी त्या दोन महिन्यांकडे डोळे लावून बसलेली असायचे. आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या साहेबांनी ठरवलं, की सगळ्या केंद्रांवर संगणक बसणार.

‘‘बाई, हे काम तुमचं,’’ साहेब म्हणाले. ‘‘सगळी केंद्रं सुरू झाली की हवी तेवढी रजा घ्या. आधी नाही.’’

‘‘सर, दिवाळीनंतर आमचे हे येतात.’’

‘‘मग दिवाळीआधी संपवा की!’’

हे सांगायला सोपं होतं. त्या वेळची मशीनं लहान पोटाची. सगळे रुग्ण एकाच मशीनवर कोंबले तर ते जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखं पडून राहायचं. म्हणून आम्ही रुग्णांची वाटणी केली. ज्या गावचा माणूस, त्या गावाला जवळच्या केंद्राच्या मशीनवर त्याची नोंद. आणि प्रत्येक मशीनची एक नक्कल शेजारच्या केंद्रात. उंब्रजची कऱ्हाडात, मेढ्याची साताऱ्यात, असं. दर शनिवारी फ्लॉपीवर नक्कल काढायची आणि एस.टी.नं पाठवायची. एक मशीन आजारी पडलं तर शेजारणीनं त्याची पोरं सांभाळायची, एवढाच त्यातला अर्थ. पण साहेबांच्या टेबलावर त्याचा मोठा नकाशा होता, आणि तो मी काढला होता, म्हणून मला तो फारच सुंदर वाटायचा.

वाईट गोष्ट ही, की प्रत्येक मशीन हातानं उभं करावं लागे. आधी अकरा फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या. मग केंद्राचा नंबर टाकायचा, त्या केंद्राची गावं एकेक करून टाकायची, नक्कल कुठे जाणार ते टाकायचं, कुणाची नक्कल आपल्याकडे येणार ते टाकायचं. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. आणि केंद्रांवर रोजची गर्दी, त्यामुळे हे सगळं शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी.

पहिलं केंद्र उंब्रज. मी पिशवी घेऊन उतरले तर सिस्टर दारातच आरतीचं ताट घेऊन उभी. आधी मशीनला हळदकुंकू, मग नारळ, मग पेढे. पेढा मशीनच्या तोंडाशी नेऊन दाखवला आणि मग मला दिला.

‘‘मॅडम, आता चालू करा.’’

‘‘सिस्टर, ते कुंकू त्या फटीत गेलं.’’

‘‘चांगलं असतंय ते.’’

ते कुंकू काढायला मला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी गावं टाकता टाकता मी उंब्रजची नक्कल कऱ्हाडाऐवजी उंब्रजलाच पाठवायला सांगून बसले. मशीन बिचारं स्वतःचीच नक्कल स्वतःवर काढू लागलं आणि पोट फुगून बंद पडलं. सिस्टर मागे उभी होती. ‘‘बिघडलं व्हय?’’ तिनं विचारलं. मी साखळीचा चष्मा नाकावर चढवून म्हणाले, ‘‘नाही, तपासतेय.’’ आणि पहिल्यापासून सुरुवात केली. रविवार असा गेला. सोमवारी पहाटेच्या गाडीनं सांगली. साताऱ्याची तुळस तशीच.

एकच केंद्र झालं होतं. बाकीची मोजून पाहिली, पुढचे रविवार मोजून पाहिले. नवरा येऊन, राहून, परत जाईल तरी माझी केंद्रं संपणार नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, की मी जाणारच नाही. मशीननं मशीन उभं करायचं.

कचेरी सुटली की मी थांबायचे. शिपाई पंखे बंद करत करत माझ्यापर्यंत यायचा आणि माझा तेवढा चालू ठेवून जायचा. मी जे जे हातानं करत होते ते सगळं क्रमानं एका फाइलीत लिहायला सुरुवात केली. हे कर, मग हे कर, हे नसेल तर थांब. सगळ्या केंद्रांची गावं एकाच ठिकाणी लिहिली. आता केंद्रावरच्या माणसानं एवढंच करायचं, की अकरा फ्लॉप्या क्रमानं घालायच्या आणि मशीननं विचारलं की आपला केंद्रनंबर टाकायचा. बाकी वाटणी, नक्कल, शेजारीण, सगळं ते आपलं आपण लावून घेणार. स्वतःची नक्कल स्वतःला पाठवू नको, हेही त्याला बजावलं. स्वतःच्या चुकीसाठी दुसऱ्याला बजावण्यात एक वेगळंच सुख असतं.

एक अडचण होती. पाचव्या आणि सहाव्या फ्लॉपीच्या मधे मशीन बराच वेळ गप्प बसायचं. लोक घाबरून बटण बंद करतील म्हणून मी तिथे इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाकली: ‘चहा घेऊन या. घाई नाही.’ शेवटच्या फ्लॉपीनंतर ‘शाब्बास!’ उमटायचं. तपासायला म्हणून मी ते कचेरीतल्या मशीनवर पुन्हा पुन्हा चालवायचे. दर वेळी ते मला चहा प्यायला सांगायचं आणि शेवटी शाब्बास म्हणायचं. त्या दिवसांत मला दुसरं कोणी ना चहाचं विचारत होतं, ना शाब्बास म्हणत होतं. आता हसू येतं, पण तेव्हा मी त्याला एकदा मोठ्यानं ‘‘थँक्यू’’ म्हणाले आणि दारात शिपाई उभा.

‘‘कुणाला म्हनलात, मॅडम?’’

‘‘तुलाच. पंखा चालू ठेवलास म्हणून.’’

फ्लॉप्यांना धूळ लागू नये म्हणून स्टीलचा डबा. डबा ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर स्टँडवर केंद्राच्या माणसाकडे. पहिला डबा तासगावला पाठवला आणि दिवसभर कचेरीत फोनपाशी बसून राहिले. दुपारी फोन आला.

‘‘मॅडम, ते शाब्बास म्हणतंय. आता काय करू?’’

‘‘काही नको. झालं.’’

‘‘झालं? मग तुम्ही येणार न्हाई व्हय? आमी तर भरली वांगी केलीती.’’

मी विजयी मुद्रेनं फोन ठेवला. वांग्यांचं वाईट नंतर वाटलं.

दोन दिवसांनी डबा परत आला. फ्लॉप्या होत्या आणि त्यांच्या अवतीभवती बेदाणे. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत. पण फ्लॉप्यांच्या डब्यालाही तो नियम लागू होईल हे माझ्या नकाशात नव्हतं. एका फ्लॉपीच्या फटीत बेदाणा अडकलेला. कऱ्हाडहून डबा आला तर तीन नंबरच्या फ्लॉपीला लोणच्याचं तेल. मी चिडले. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीनं कागद लावला: यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. पुढच्या केंद्रावरून डबा आला तेव्हा फ्लॉप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेल्या आणि खाली चिवडा. त्यांनी माझा नियम त्यांच्या परीनं पाळला होता.

मी चिवडा खाल्ला. रागानं खाल्ला, पण संपवला.

दिवाळीच्या आत सगळी केंद्रं ‘शाब्बास’ म्हणाली. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि मी साताऱ्याच्या घराचं कुलूप काढून, कुलूप किल्लीसकट कपाटात ठेवून दिलं.

हे आले. वर्षभर ज्याची वाट बघतो तो माणूस दारात उभा राहिला की काय बोलावं हे सुचत नाही, हे फौजेतल्यांच्या बायकांना विचारा. पहिले चार दिवस आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागलो. ते पाचला उठायचे, अंथरुणाची चौकोनी घडी घालायचे, चहाचा कप स्वतः विसळायचे. मी म्हणायचे, ‘‘अहो, राहू द्या की.’’ ते म्हणायचे, ‘‘सवय हाय गं.’’ मग दोघं गप्प. मला माझ्या खोलीतल्या गप्प बसण्याची सवय झाली होती, त्यांना त्यांच्या चौकीतल्या. दोन शांतता एका घरात आणून ठेवल्यावर त्यांची ओळख व्हायलाही वेळ लागतो. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि मला बरं वाटलं. पाहुणा असं सांगत नाही.

त्याच दुपारी शेजारच्या काकूंकडे माझ्यासाठी फोन आला. मेढ्याची सिस्टर.

‘‘मॅडम, मशीन म्हणतंय ही बाईच न्हाई.’’

‘‘कोण बाई?’’

‘‘पोटुशी हाय. सात म्हयने झाल्यात. म्हणतीया उंब्रजला सगळी तपासणी झाली. मशीन म्हणतंय न्हाई म्हणून. डॉक्टर म्हणतात, पुन्हा सगळं रक्त काढा. ती म्हणतीया, आता सुई लावून घेत न्हाई. माझ्यासमोर बसून ऱ्हायलीया.’’

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, ‘‘चल, मीबी येतो. घरात बसून तरी काय करायचंय?’’

मेढ्याला पोचलो तर ती बाकावर मांडी घालून बसलेली. कपाळावर आठी, मांडीवर पिशवी, शेजारी तिची आई.

‘‘गाव कुठलं तुमचं?’’ मी विचारलं.

‘‘कंचं सांगू?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सासर उंब्रजचं. माहेर हितलं, वरच्या अंगाचं. बाळंतपणाला आलीया. पहिलं हाय नव्हं?’’

‘‘सिस्टरनं गाव विचारलं तेव्हा कुठलं सांगितलंत?’’

‘‘माहेरात बसून सासरचं गाव सांगू व्हय? आईसमोर?’’ ती म्हणाली, आणि तिची आई गालातल्या गालात हसली.

मी तिथेच खुर्चीत बसले. माझा तो सुंदर नकाशा! एका माणसाचं एक गाव, एका गावाचं एक मशीन. आणि दवाखाने कसले? बाळंतपणाचे. जिथे येणाऱ्या निम्म्या पहिलटकरणी सातव्या महिन्यात सासरहून उठून माहेरी जातात. हिच्या वाढलेल्या रक्तदाबाचं टिपण उंब्रजच्या मशीनमधे, त्याची नक्कल कऱ्हाडात, आणि बाई मेढ्यात. मी स्वतः मुलाच्या वेळी साताऱ्याहून माहेरी गेले होते, तीन महिने राहिले होते, आणि तरी हा नियम लिहिताना मला एकदाही माझी आठवण झाली नाही. चष्म्याच्या साखळीचा असा उपयोग झाला.

उंब्रजला फोन लावून तिची सगळी माहिती मिळवली. सुई टळली. ती उठताना म्हणाली, ‘‘मशीनला सांगा बाई, मी दोन्हीकडची हाय.’’

परतीच्या गाडीत मी बोटांवर केंद्रं मोजत होते. प्रत्येक केंद्रावरची वाटणी बदलायची होती. प्रत्येक बाईला दोन गावं, राहतं आणि माहेरचं, आणि तिच्या नोंदीची एक नक्कल माहेरच्या मशीनवरही. हातानं करायचं म्हटलं तर यांची सगळी सुट्टी एस.टी.त जाणार.

‘‘किती दिवस लागतील?’’ यांनी विचारलं. खिडकीबाहेर बघत विचारलं, म्हणजे त्यांनाही तेच मोजायचं होतं.

‘‘तुम्ही पार्सल बांधू शकता का?’’ मी म्हणाले.

‘‘फौजेत दुसरं काय करतो?’’

साताऱ्याच्या केंद्रातल्या मशीनवर बसून मी ती फाइल बदलली. गावांची यादी एकाच ठिकाणी होती, म्हणून बदलायचंही एकाच ठिकाणी. आता अकराही लागत नव्हत्या, एकच फ्लॉपी. मी नकला काढायचे आणि हे शेजारी बसून डबे बांधायचे, चौकोनी, सुतळीची गाठ अशी की सोडवणारा शिव्या देईल. मधेच पडद्याकडे बघून म्हणाले, ‘‘ही तुझी मशीनं बरी. हुकूम एकदा दिला की सगळ्या चौक्या एकदम हलतात. आमच्याकडं ह्ये जमत न्हाई.’’

‘‘त्यांना चहाची सुट्टीपण आहे,’’ मी ती ओळ दाखवली.

ते इतके हसले, की साताऱ्याची सिस्टर डोकावून गेली. तेवढ्या दोन दुपारी. त्या वर्षभरातल्या माझ्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्या, आणि त्याही सर्व्हरसमोर गेल्या, हे सांगितलं तर नात म्हणते, ‘‘किती रोमँटिक!’’ तिला कळायचं नाही. पण खरंच तसं होतं.

डबे गेले, फोन आले, सगळीकडे शाब्बास झालं. सुट्टी वाचली. आम्ही काहीही केलं नाही. भाजी आणली, गादी उन्हात टाकली, एका संध्याकाळी किल्ल्याच्या पायऱ्या चढून अर्ध्यातून परत आलो कारण माझे गुडघे. मग एक दिवस त्यांनी ट्रंक बाहेर काढली. स्टेशनवर मी म्हणाले, ‘‘पोचल्यावर कळवा.’’ ते म्हणाले, ‘‘शाब्बास म्हणून कळवू का?’’ गाडी गेली. मी घरी येऊन कपाटातलं कुलूप काढलं.

विश्रामबागेत परत आले तर टेबल स्वच्छ. फोन वाजत नव्हता. केंद्रं चालत होती. शनिवारी नकला आपापल्या शेजारणीकडे जात होत्या, पहिलटकरणी माहेरी पोचायच्या आत त्यांची माहिती पोचत होती. कोणाला मॅडम लागत नव्हत्या. मी असं काही करून ठेवलं होतं, की कोणाला माझी गरजच पडू नये, आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार चांगलं जमलं होतं. कोणी कुंकू लावायला बोलावत नव्हतं. कोणी वांगी करून वाट बघत नव्हतं. बेदाणेही नाहीत. भिंतीपलीकडच्या रेडिओवर बाजारभाव लागायचे, ते मी मन लावून ऐकू लागले. हळदीचा भाव मला तोंडपाठ असे, आणि माझ्याकडे हळदीचं एक रोपही नव्हतं.

आठवड्यानं स्टँडवरून निरोप आला, डबा आहे म्हणून. माझाच डबा, मेढ्याला राहिलेला. यांची सुतळीची गाठ कोणीतरी न कापता सोडवली होती आणि तीच सुतळी पुन्हा बांधली होती.

ड्रायव्हर म्हणाला, ‘‘ताई, मेढ्याच्या सिस्टरनं सांगितलंय, ती उंब्रजची बाई मोकळी झाली. मुलगी. दोगी ठीक हायत. आन् ह्ये तुमी दोगांनी मिळून खावा म्हणून सांगितलंय.’’

खोलीत येऊन डबा उघडला. फ्लॉपी पिशवीत, घट्ट बांधलेली. खाली नाचणीच्या भाकरी, घेवड्याची उसळ आणि ठेचा. भाकरी दोघांना पुरतील एवढ्या. मेढ्याला त्यांनी आम्हाला दोघांना पाहिलं होतं, आणि त्यांच्या हिशेबी आम्ही अजून दोघं होतो. तिकडे नक्कल जुनी राहिली होती.

मी सगळ्या खाल्ल्या. एकही उरवली नाही. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचंच होतं असं तेव्हाही मी कोणाला सांगितलं नाही, कारण विचारायला कोणी नव्हतं.

मग डबा घासला, आणि मोठा पेच पडला. रिकामा परत करायचा नसतो. सांगलीचं भडंग होतं, पण नुसतं भडंग पाठवलं तर सिस्टर म्हणेल, मॅडमचं चित्त ठिकाणावर नाही. कामाचं काहीतरी हवं. मी दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून एक फ्लॉपी केली, तिच्यावर ‘सुधारणा’ असं लिहिलं आणि भडंगाच्या पिशवीवर ठेवून डबा मेढ्याला रवाना केला.

दुपारी फोन वाजला.

‘‘मॅडम, सुधारणा घातली. ते म्हणतंय चहा घेऊन या, मग म्हणतंय शाब्बास. बाकी काय होतच न्हाई.’’

‘‘मग बरोबर आहे,’’ मी म्हणाले. ‘‘घेतला का चहा?’’

‘‘घेतला की. तुमी?’’

त्या हिवाळ्यात मी आमच्या केंद्रांना बऱ्याच सुधारणा पाठवल्या. एकही मशीनला लागत नव्हती.